चिंचेने उजळलेली लक्ष्मी

आमच्या घरात कुठल्याही वस्तूला काळं पडायची परवानगी नव्हती. शनिवारी सकाळी मी डोळे चोळत खाली येईपर्यंत आईने वाडग्यात चिंच भिजत घातलेली असायची आणि फ्रीजशेजारच्या कपाटातले देव खाली उतरवून, आंघोळीसाठी रांगेत उभ्या केलेल्या मुलांसारखे ओट्यावर मांडलेले असायचे. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, घंटा, ताम्हन, पळी आणि सुटी केलेली समई. चिंचेचा तो आंबट ओला वास, बाबांच्या रेडिओवरची बेसबॉलची कॉमेंटरी आणि नळाखाली धरलेल्या ताम्हनाचा घुमणारा नाद, एवढं आठवलं की अमेरिकेतलं माझं लहानपणचं गाव, श्रूजबरी, डोळ्यांपुढे उभं राहतं. चिंच तेव्हा इथे मिळत नसे. आता न्यू जर्सीत आयसेलिनला रस्ताभर भारतीय दुकानं आहेत, आमच्या गावातही मिळते, पण त्या काळी कुणी तिकडे निघालं की आई त्यांना औषध मागवावं अशा आवाजात विचारायची, "जाताच आहात तर एवढी चिंच आणाल का?" आमच्या बाळकृष्णाचं नाक घासून घासून केव्हाच गेलं होतं. घराण्यातल्या सुनांनी मिळून केलेलं ते काम होतं आणि आईला त्यात काही वावगं वाटत नसे. देव हसरा दिसला म्हणजे झालं, नाक काय करायचंय, असं ती म्हणायची.

तांब्या-पितळेवर हिरवा ठिपका दिसला की मात्र तिचा जीव खालीवर व्हायचा. तिच्या माहेरी, साताऱ्याकडे, कल्हई उडालेल्या पातेल्यात राहिलेलं ताक कळकलं आणि ते पिऊन तिचा धाकटा भाऊ मरता मरता वाचला होता. तेव्हापासून हिरवं म्हणजे कळक आणि कळक म्हणजे विष, हे तिच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. 'कळकणे'ला इंग्रजीत एका शब्दात काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही. मी पुढे दातांची डॉक्टर झाले आणि रिटायर होईपर्यंत लोकांचे दात घासत राहिले, त्याचंही श्रेय नातेवाईक आईच्या चिंचेला देतात.

हे सगळं आज लिहायला बसले त्याला कारण आमच्या गल्लीतली ऋचा. पुण्याची मुलगी, आयटीत आहे, नवऱ्याच्या वाढदिवसाला तिने त्याला जमिनीतला धातू शोधायचा मेटल डिटेक्टर घेऊन दिला. परवा हातात रुमालाची पुरचुंडी घेऊन दारात उभी. "मावशी, अगं अमितला बॅकयार्डमध्ये एक जुनं कॉइन मिळालंय यार. मी म्हटलं, मस्त क्लीन करून फ्रेम करू, तर तो म्हणतो व्हॅल्यू कमी होईल. खरंच होते का गं?" मी पुरचुंडी न सोडताच तिला म्हटलं, होते. घासायचं नाही, पॉलिश लावायचं नाही, टूथब्रश तर दाखवायचासुद्धा नाही. फार तर साध्या पाण्यात बुडवून ठेवायचं आणि सुटेल तेवढी माती सुटू द्यायची, आणि तांब्याचं असेल तर तेही जपून. ती म्हणाली, "तुला कसं माहीत?" मी म्हटलं, आमच्याकडे एकदा झालंय. ती चहा पिऊन गेली, आणि मी मात्र त्या दिवसापासून मनाने आमच्या जुन्या घरातच आहे.

त्या वर्षी बाबांची नोकरी गेली होती. वूस्टरजवळ तारा ओढायचा एक कारखाना होता, तिथे ते इंजिनिअर होते. कारखाना आटोपला आणि बाबा घरी बसले. बसले म्हणजे खरं तर आडवे झाले. बैठकीच्या खोलीत आमचा चौकड्यांचा तपकिरी सोफा होता, त्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. शाळेतून आले की मी आधी सोफ्याकडे बघायची. बाबांची पाठ दिसली की मी दप्तर आवाज न करता खाली ठेवायची. माझे बाबा नागपूरचे, घरात आले की आधी त्यांचा आवाज यायचा आणि मग ते, असा माणूस. तो आवाजच बंद झाला. आईने महाराष्ट्र मंडळात सांगून टाकलं होतं की हे सध्या कन्सल्टिंग करतात. मंडळातले सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर, त्यांच्यात आपल्या नवऱ्याला नोकरी नाही हे सांगण्यापेक्षा तिने मंडळाच्या गणपतीचे सगळे मोदक एकटीने वळले असते. कुणाचा फोन आला की ती सोफ्याकडे बघत म्हणायची, "हो, हो, बाहेर गेलेत, फार बिझी असतात." बाबा भिंतीकडे बघत ते ऐकायचे.

मेटल डिटेक्टर आला तो बिघडलेला होता म्हणून. शेजारच्या गल्लीत यार्ड सेल, म्हणजे अंगणात मांडलेली जुन्या सामानाची विक्री होती, तिथे एका खोक्यात तो पडला होता आणि त्यावर चिठ्ठी होती, 'चालत नाही'. चालत नाही म्हटल्यावर बाबांना राहवेना. त्यांनी तो घरी आणला, जेवणाच्या टेबलावर उघडला आणि सोल्डरिंगच्या धुराने आईच्या फोडणीला मागे टाकलं. आई म्हणाली, "अहो, नोकरीचे अर्ज टाकायचे सोडून हे काय?" बाबा म्हणाले, "अगं, मी हेच पाहून राहिलो की याच्यात बिघडलं काय." दोन शब्द का होईना, बोलले. संध्याकाळी त्यांनी मला आईच्या डब्यातलं पाच पैशांचं नाणं गालिच्याखाली लपवायला लावलं, मशीन फिरवलं आणि ते किंचाळलं. बाबांच्या तोंडावर जे आलं त्याला मी हसू म्हणणार नाही, पण हसण्याच्या वाटेवरचं काहीतरी ते होतं.

गावाबाहेर, दगडी कुंपणांच्या रस्त्याने बरंच पुढे गेलं की मिसेस हॉलोवेंची सफरचंदाची बाग होती. बाई एकट्या राहत, सत्तरीच्या पुढच्या, रबरी बूट आणि नवऱ्याचा जुना कोट घालून फिरायच्या. बाबा परवानगी मागायला गेले तेव्हा त्यांनी साफ नाही म्हटलं. याआधी कुणी मशीनवाले आले होते आणि बागेत उंदराने पोखरावं तसे खड्डे ठेवून गेले होते. बाबा म्हणाले, मला एकच खड्डा खणू द्या, मग ठरवा. त्यांनी गवताची तीन बाजूंनी कड कापली, करंजीची पारी उलगडावी तशी ती उलटी केली, माती रुमालावर काढली, आतला गंजका खिळा मला दिला, माती परत भरली आणि गवत मिटवून वर हलकेच पाय दिला. बाई वाकून बघायला लागल्या तर जागा सापडेना. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, या. पण जे निघेल ते अर्धं माझं, आणि जे निघेल ते जसं निघेल तसं आधी मला दाखवायचं. पुसायचं नाही, घासायचं नाही. माझ्या जमिनीतून बाहेर आलेलं मला तसंच बघायचंय.

त्या शरद ऋतूत बाबा उठले. त्याला दुसरा शब्द नाही. शनिवार-रविवारी मी बरोबर जायची. बाबा मशीन फिरवत पुढे, मी खुरपं आणि रुमाल घेऊन मागे, बादलीत सडक्या सफरचंदांवर बसलेल्या गांधीलमाश्या आणि मशीन वाजलं की हेडफोनचा एक कप बाबांच्या कानाला, एक माझ्या. लोखंड असलं की मशीन रेड्यासारखं हंबरायचं आणि तांबं-चांदी असली की घंटी वाजल्यासारखा स्वच्छ आवाज यायचा. बाबा मला नागपूरच्या हॉस्टेलच्या गोष्टी सांगायचे. खिळे निघायचे, बाटल्यांची बुचं निघायची, घोड्याची नाल निघाली. घरी आल्यावर बाबा दोन वेळा भाजी मागून घ्यायचे, आणि आई वर एक पोळी वाढायची. तिने यंत्राला नावं ठेवणंही बंद केलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर ते नाणं निघालं. बागेच्या खालच्या टोकाला जुन्या घराच्या पायाचे नुसते दगड उरले होते आणि त्यांच्याशी लायलॅकच्या फुलांचं रानटी झालेलं झुडूप होतं. तिथे घंटी वाजली. मातीच्या ढेकळातून बाबांनी दोन बोटांनी एक गोल चकती काढली, हल्लीच्या क्वार्टरपेक्षा, म्हणजे पाव डॉलरच्या नाण्यापेक्षा मोठी, चॉकलेटच्या रंगाची, कडेला आणि मधूनमधून हिरवट. उजेडाला धरली तर एका बाईचं डोकं आणि भोवती तारे. तांब्याचा जुना सेंट. बाबा गुडघ्यांवरच बसून राहिले. तसेच आम्ही वर घराकडे गेलो. मिसेस हॉलोवेंनी नाणं तळहातावर घेऊन खिडकीशी धरलं आणि म्हणाल्या, हिने माझ्या सासऱ्यांच्या आधीची माणसं पाहिली असणार. मग त्यांनी ते बाबांच्या हातात परत दिलं. तुम्हीच वूस्टरला नाण्यांच्या दुकानात दाखवून आणा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. घरी येताना गाडीत बाबांनी हे वाक्य मला तीनदा ऐकवलं. कारखान्यातून निघताना त्यांना कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

आता आमच्या घरातली पद्धत अशी की नवं काहीही आलं की आधी देवापुढे ठेवायचं. माझं प्रगतिपुस्तक, गाडीची किल्ली, ग्रीन कार्डचं पाकीट, सगळ्यांनी तो मुक्काम केला होता. बाबांनी फोटोच्या रिळाच्या डबीत कापूस घातला, त्यात नाणं ठेवलं, डबी उघडीच देवांच्या कपाटात ठेवली आणि आईला म्हणाले, "लक्ष्मीपूजनाला राहू दे. सोमवारी घेऊन जातो." बस, एवढंच म्हणाले. पुसू नको, हात लावू नको, यातलं काही नाही. ते त्यांना इतकं उघड वाटत होतं की सांगायची गरजच वाटली नाही.

आईने काय ऐकलं? लक्ष्मीपूजनाला हे नाणं. त्या वर्षी नवं सोनं नव्हतं, पगाराचं पाकीट नव्हतं, पाटावर ठेवायला नवं असं काही नव्हतंच, म्हणून नवऱ्याने आपल्या हाताने शोधलेली वस्तू पूजेला दिली. आणि त्या वस्तूवर बाईचं डोकं. बाई म्हणजे लक्ष्मीच. आणि त्या लक्ष्मीच्या गालाला, कानाला, केसांना कळक लागलेला. मी चकल्या पाडत होते, खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, नाहीतर तळणीच्या धुराने छताचा अलार्म ओरडला असता. मागे आई ओट्याशी देव घासत होती. चिंच, वर मीठ, आणि अंगठा. तिने किती प्रेमाने ते केलं असेल ते मी आज सांगू शकते, कारण त्या दिवशी ती गुणगुणत होती, आणि नोकरी गेल्यापासून ती गुणगुणलेली मला आठवत नाही.

संध्याकाळी पाटावर तांदळाची रास, तिच्यावर नाणं. लग्नातल्या नव्या भांड्यासारखं गुलाबी, लखलखीत. मला ते फार सुंदर दिसलं, खोटं कशाला बोलू. आरती चालू झाली आणि कडव्याच्या मध्येच बाबांचा आवाज थांबला. आईला वाटलं, भरून आलं असेल. आरती संपल्यावर बाबांनी नाणं उचललं, दिव्याजवळ नेलं, फिरवून पाहिलं.

"अगं, हे काय केलंस?"

"उजळलं. केवढा कळक होता त्यावर. बघा कशी दिसतेय आता."

बाबांनी नाणं परत तांदळावर ठेवलं आणि बत्ताशाचा प्रसाद घेतला. भांडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी आम्ही तिघंही वूस्टरला गेलो. आईला का घेतलं मला माहीत नाही, बहुधा बाबांच्या मनात अजून थोडी आशा होती आणि तिच्यासमोरच ती खरी ठरावी असं त्यांना वाटत होतं. नाण्यांचं दुकान अरुंद होतं, काचेच्या कपाटांवर पिवळे दिवे. दुकानदाराने भिंग डोळ्याला लावलं आणि लगेच काढलंही.

"क्लीन्ड," तो म्हणाला.

"येस, येस," आई उत्साहाने पुढे झाली. "आय क्लीन्ड. फुल्ली क्लीन्ड. बोथ साइड."

माणूस सज्जन होता, हसला नाही. त्याने ड्रॉवरमधून तसंच दुसरं एक नाणं काढलं, काळपट तपकिरी, आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मग समजावून सांगितलं. तांब्यावर वर्षानुवर्षं जो थर चढतो तो मळ नव्हे, ती नाण्याची कातडी. जमवणारे लोक त्या कातडीचेच पैसे देतात. चिंचेने, व्हिनेगरने, पॉलिशने ती सोलली की खालचं तांबं उघडं पडतं, केसांतल्या बारीक रेषाही झिजतात, आणि मग असं नाणं त्यांना नको असतं. आईला सगळं इंग्रजी कळलं नाही. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "कातडी गेली म्हणतो." आईने आपला अंगठा पदरात धरला.

परतीच्या वाटेवर बाबा एकच बोलले. "माती होती तेव्हा मोल होतं. माती गेली, तर मातीमोल झालं." एरवी अशा कोटीवर ते स्वतःच मांडीवर थाप मारून हसले असते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर सोफ्यावर पाठ. शनिवार आला तरी पाठ. मी मशीन दाराशी आणून ठेवलं, खुरपं हातात घेतलं आणि म्हटलं, "डॅड, कम ऑन ना, थंडी पडली की जमीन गोठेल." ते भिंतीकडेच बघत म्हणाले, "काय तोंड दाखवू त्या बाईला? तिनं एक गोष्ट सांगितली होती." आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी सांगते त्यांना, माझी चूक आहे." बाबा एकदम मोठ्याने म्हणाले, "काही जरूर नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला? संपलं ते." आणि त्यांनी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मला तेव्हा जी भीती वाटली ती मी अजून विसरलेली नाही. नाण्याचं मला काही नव्हतं. पण बाबा त्या बागेमुळे उठले होते, आणि बाग गेली तर ते परत उठणार नाहीत, हे मला दिसत होतं. आईलाही दिसत होतं.

रविवारी दुपारी तिने साडीवर बाबांचं जाड जॅकेट चढवलं, पायांत माझे बूट घातले, एका डब्यात चकल्या आणि करंज्या भरल्या, नाणं रुमालात बांधलं आणि मला म्हणाली, "नंदे, चल. तू इंग्रजी बोलायचंस." आईला गाडी येत नव्हती. मंडळातल्या कुणाला सोडायला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून आम्ही चालत निघालो. त्या रस्त्याला फूटपाथ नाही, गाड्यावाले वेग कमी करून बघत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. आई मला वाक्यं पाठ करून देत होती, आधी हे म्हण, मग ते म्हण. मध्येच आपली स्वतःशीच चिडायची. "कातडी म्हणे! आमच्या बाळकृष्णाचं नाक गेलं, तरी कुणी किंमत कमी केली नाही त्याची." मग हळूच, "अगं, पण त्यांनी सांगायचं ना मला." मी म्हटलं, "ही थॉट यू न्यू." ती म्हणाली, "तेच तर. त्यांना वाटलं मला माहीत, मला वाटलं मला माहीत."

मिसेस हॉलोवेंनी दार उघडलं आणि मी तोंड उघडायच्या आत आईने रुमाल सोडून नाणं पुढे केलं.

"मॅडम, आय क्लीन्ड. नॉट हिम. ही डोन्ट नो. आय क्लीन्ड फॉर गॉड."

बाईंनी नाणं घेतलं. त्यांचा चेहरा कडक झाला. "फॉर व्हिच गॉड?"

"लक्ष्मी. शी इज लेडी. कॉइन ऑल्सो लेडी."

मिसेस हॉलोवे खिडकीशी गेल्या. त्यांनी नाणं उजेडात फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, मी तुमच्या नवऱ्याला एकच गोष्ट सांगितली होती. माझ्या जमिनीने इतकी वर्षं लावून हिला रंग चढवला होता आणि तुम्ही तो एका सकाळीत काढलात. मी आईला मराठीत सांगितलं. तिने विचारायला लावलं, परत येईल का तो रंग? येईल, बाई म्हणाल्या, पण तसाच नाही, आणि आपण दोघी असेपर्यंत तर नाहीच. आईने मान हलवली. मग मला बाजूला सारून ती स्वतःच बोलली, एकेक शब्द शोधत. "मॅडम, यू बी अँग्री विथ मी. ओके. बट हिम यू कॉल. प्लीज. हिज जॉब इज गॉन. ही इज स्लीपिंग ऑल डे. ओन्ली हिअर ही इज नॉट स्लीपिंग."

मंडळात जे कुणाला कळू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करायची, ते तिने एका परक्या बाईला उंबऱ्यावर उभं राहून सांगितलं. मला रडू यायला लागलं. मिसेस हॉलोवे आईकडे बघत होत्या, तिच्या पायांतल्या माझ्या बुटांकडे, जॅकेटखालून लोंबणाऱ्या साडीकडे. त्यांनी विचारलं, चालत आलात? मग म्हणाल्या, माझा नवरा गेला त्या वर्षी मी सगळी सफरचंदं झाडावर सडू दिली होती. या, आत या आधी.

आत त्यांनी चकली खाल्ली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत तिखट लागली तरी दुसरी घेतली. नाणं त्यांनी आईच्या हातात परत दिलं. ते आता तुमच्या देवीचं, त्या म्हणाल्या, माझ्या हिश्श्यासकट. मग आम्हाला मागच्या कोठारात नेलं. तिथे आडवं पडलेलं, मला सहज आंघोळ घालता येईल एवढं तांब्याचं पातेलं होतं. दरवर्षी त्यात ॲपल बटर करायचे, म्हणजे सफरचंदं दिवसभर आटवून केलेला घट्ट, काळसर मुरंबाच. आईने पातेल्यात डोकं घातलं आणि आतून तिचा आवाज घुमला, "कळक!"

काय म्हणतेय ती, बाईंनी मला विचारलं. मी सांगायला गेले, आणि शब्दच नाही. तेव्हा आईने पातेल्यातल्या हिरव्या डागावर बोट ठेवलं, पोट धरलं आणि ओकल्याचं सोंग केलं. मिसेस हॉलोवे जोरजोराने मान हलवायला लागल्या. एक्झॅक्टली! सासूबाई हेच सांगायच्या. दरवर्षी शिजवायच्या आधी व्हिनेगर आणि मीठ घालून घासायचं, नाहीतर घरदार आजारी. आता माझ्या मनगटांत जोर राहिला नाही, म्हणून पडून आहे.

आई जॅकेटच्या बाह्या मागे सारायला लागली होती. मग थांबली. हात मागे घेतला आणि बाईंना विचारलं, "व्हेअर क्लीन? अँड व्हेअर नॉट क्लीन?"

हा प्रश्न मी माझ्या आईच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता. आतून लख्ख, मिसेस हॉलोवे म्हणाल्या, बाहेरून राहू द्या काळं, त्याने आच सगळीकडे सारखी लागते. आईने बाहेरच्या काजळीकडे एकदा दुःखाने पाहिलं, पण मान डोलावली. पातेलं आमच्याकडे न्यायचं ठरलं, कारण चिंच आमच्याकडे होती.

बाईंच्या पिकअप ट्रकमधून आम्ही घरी आलो. त्यांनी अंगणातच जोरात हॉर्न वाजवला. बाबा खांद्यावर पांघरूण घेऊन दारात आले आणि त्यांनी पाहिलं, तर ट्रकमधून आई उतरते आहे, मागे पातेलं आहे आणि खिडकीतून मिसेस हॉलोवे त्यांच्याकडे बघताहेत.

"मॅडम, आय ॲम व्हेरी सॉरी," बाबा म्हणाले.

ते मी ऐकलं, तुमच्या बायकोकडून, बाई म्हणाल्या. खालच्या दगडी भिंतीकडची झाडांची ओळ शोधायची अर्धी राहिली आहे. जमीन गोठायच्या आत संपवणार आहात की नाही?

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "असं काय बघता? मी सांगितलं सगळं. जॉबचंही सांगितलं. आता पातेलं उचलायला या, मला एकटीला पेलणार नाही." बाबांनी पांघरूण कठड्यावर टाकलं आणि पायमोज्यांवरच अंगणात आले.

पुढच्या रविवारी आई पण बागेत आली. बाबांनीच म्हटलं होतं, "तू पण चल की. पाहा तरी, आम्ही काय करून राहिलो तिथं." गवतावर दव पांढरं झालं होतं. बाबांनी तिच्या अंबाड्यावरून कसेबसे हेडफोन बसवले, मशीनचा दांडा हातात दिला आणि हळू फिरव, जमिनीला टेकवू नको, म्हणून सांगितलं. आई केर काढावा तशी मशीन फिरवत भिंतीच्या कडेने निघाली आणि दहा-बारा पावलांतच ओरडली, "अहो! इथे आहे! इथे आहे काहीतरी!" बागेतले पक्षी उडाले. हेडफोनमुळे तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. बाबांनी गवत कापून उलटवून दिलं, आईने हात घालून चिखलाचा एक गोळा बाहेर काढला. तिचा अंगठा सवयीने त्याच्यावर गेला आणि तिथेच थांबला. तिने तो गोळा तसाच्या तसा, चिखल टपकत, बाबांच्या ओंजळीत ठेवला. "मी पुसलेलं नाही हं. तुम्हीच बघा."

बाबांनी चिखल जरा बाजूला केला. बरणीचं झाकण होतं, चेपलेलं. बाबांनी एकदा झाकणाकडे आणि एकदा आईच्या गंभीर चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले. मग तो त्यांचा आवाज, नागपूरचा, घरात माणसाच्या आधी यायचा तो, एकदम मोकळा सुटला. हसता हसता ते ओल्या गवतात बसले, डोळे पुसायला गेले तर चिखल गालाला लागला, त्याने अजूनच हसायला लागले. मी खुरपं हातात धरून त्यांच्याकडे बघत उभी होते. माझ्या छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं मला वाटत होतं. आईने मात्र मशीन केव्हाच पुन्हा त्या खड्ड्यावर धरलं होतं. तिने मागे वळून, हेडफोन दाबून धरत, आम्हा दोघांना दटावलं.

"अहो, गप्प बसा ना जरा. आत अजून काहीतरी वाजतंय."